दादरला मातीला भाव आहे, फुलाला का नाही?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तुमच्यापैकी कुणी दादर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरले, तर एक गंमत पाहायला मिळेल. पुलाखाली, रस्त्याच्या कडेला पथारीवर लहान लहान पिशव्यांतून काळी माती विकायला मांडलेली असते. ओंजळभर माती, शेजारी सात धान्यांची पुडी, पत्रावळ, परडी. मुंबईचा माणूस पैसे मोजून ती माती घरी नेतो, तिच्यात धान्य पेरतो आणि नऊ दिवस पाणी घालतो. आम्ही पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा हसलो. आपल्याकडे बांधावरची चार मुठी माती आणायला पैसे पडत नाहीत. पण मग हिशेब मांडला आणि हसू थांबले. त्या मातीला किलोमागे जो भाव पडत होता, तो त्याच बाजारात आमच्या झेंडूला त्या हंगामात एकदाही मिळाला नव्हता.

आज सणांवर बोलायचे आहे. काहींना वाटेल, ऊस, कांदा, वीजबिल सोडून हे काय काढले! पण फुले, नारळ, केळी, गूळ, ऊस, विड्याची पाने, दूर्वा, भाताच्या लोंब्या यांचा जेवढा खप मुंबईच्या या चार-पाच वस्त्यांत भाद्रपद ते कार्तिक होतो, तेवढा एरवी होत नाही. सण हा त्यांचा देव असेल, आमचा तो हंगाम आहे.

आणि हे सण कुणाचे? शेणात-मातीत वाढलेल्या माणसांचेच. घट बसवणे म्हणजे रब्बीच्या तोंडावर बियाण्याची उगवण पाहून घेणे, असे आम्ही शेतीच्या पदवीचे लोक सांगतो. पूर्वीच्या माणसाने तसाच विचार केला असेल की नाही ते सोडा, पण परडीत काय उगवते ते पाहून कणगीतल्या बियाण्याचा अंदाज येतो हे कुणीही मान्य करील. परळच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत ज्या बाईने घट बसवला तिला रब्बी पेरायची नव्हती. तिचा नवरा गिरणीत साच्यावर होता. पण सासू सातारची होती, म्हणून घट बसला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरीकडून पोटासाठी गेलेली माणसे गिरणगावात गावागावाच्या खोल्या धरून राहिली. एका खोलीत एका गावचे वीस-पंचवीस बाप्ये, पाळीपाळीने झोपणारे. त्यांनी शेत गावी ठेवले आणि सण बरोबर नेले. खंडेनवमीला आपण नांगर, कुळव, विळा-खुरपे पुजतो, त्यांनी साचे पुजले. झेंडूची माळ नांगराच्या जागी यंत्राला गेली, एवढाच फरक.

सार्वजनिक उत्सवाचा इतिहास सांगायची आमची योग्यता नाही, पण दोन-तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली गणपती बसला. तो पांढरपेशांच्या वस्तीतला, साधा, आजही मूर्ती लहानच. लालबागची गोष्ट निराळी. तिथे गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासूनचा. आणि जो आज 'लालबागचा राजा' म्हणून देशभर गाजतो, त्याची सुरुवात कशातून झाली हे त्या रांगेत बारा-पंधरा तास उभ्या राहणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, शंका आहे. १९३२ साली पेरू चाळीतला उघडा बाजार बंद झाला. मासळी विकणाऱ्या कोळणी आणि भाजीपाला विकणारे लहान व्यापारी रस्त्यावर आले. हक्काचा बाजार मिळावा म्हणून त्यांनी गणपतीला नवस बोलला. नुसता नवस बोलून ते बसले नाहीत, खटपटी केल्या, नगरसेवकाला गाठले. शेवटी रजबअली तय्यबअली यांची जागा बाजारासाठी मिळाली आणि १९३४ साली त्या जागेवर कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी गणपती बसवला.

नीट ऐका. मुलगा व्हावा, नोकरी लागावी, दुखणे बरे व्हावे, असला तो नवस नव्हता. पाटी टेकवून माल विकायला जागा द्या, असा तो नवस होता. नवसाचा म्हणून जो देव प्रसिद्ध झाला, त्याचा पहिला नवस बाजारपेठेचा होता. आमच्या चळवळीतल्या नास्तिक मित्रांनाही या गणपतीला हात जोडायला हरकत नसावी.

तसेच दादरचे. १९२६ साली तिथल्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्य मानलेल्यांना पूजेचा हक्क का नाही, यावरून वाद पेटला. प्रबोधनकार ठाकरे आणि रावबहादूर बोले पुढे होते, डॉ. आंबेडकरही त्यांच्या बाजूने होते. त्यातून प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. म्हणजे मांडवात जागा कुणाला, हा प्रश्न दादरला विचारला गेला, बाजारात जागा कुणाला, हा लालबागला. पहिल्याचे उत्तर कागदावर तरी लागले आहे. दुसरा प्रश्न अजून आपल्या पाठीशी आहे, आणि तो आम्हाला कसा भेटला ते आता सांगतो. यात चूक आमची आहे, ती झाकायची नाही.

काही दसऱ्यांपूर्वीची गोष्ट. कोरेगावकडच्या अकरा शेतकऱ्यांना आम्ही झेंडू लावायला सांगितले. सोयाबीनला भाव नव्हता, पाणी थोडे होते, साठ दिवसांत पैसे देणारे पीक हवे होते. आम्ही हिशेब करून दिला. दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून मागे मोजायचे, लावणीपासून फुलापर्यंत पंचावन्न ते साठ दिवस, त्याआधी रोप पंचवीस दिवसांचे. तिथी हलते हे लक्षात ठेवायचे. २०२३ साली अधिक श्रावण होता म्हणून दसरा २४ ऑक्टोबरला गेला, २०२४ साली १२ ऑक्टोबरला आला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. इंग्रजी तारखेवर रोपे टाकणारा माणूस दोन वर्षांत बावीस दिवस चुकतो. हे सगळे आम्ही फळ्यावर समजावून दिले, शेतकऱ्यांनी तंतोतंत केले, आणि फूल अगदी वेळेवर आले. शेतीशास्त्र शंभर टक्के बरोबर ठरले.

माल घेऊन आम्हीही पिकअपमध्ये बसून गेलो. संध्याकाळी निघून खंबाटकी, पुणे, वाशी करत रात्री अडीचला दादर. फूलबाजाराच्या अलीकडेच गाडी अडली, कारण पुढे गाड्याच गाड्या. सातारच्या, पुरंदरच्या, जुन्नरच्या, नगरच्या, नाशिकच्या, कर्नाटकाच्या. पहाटे तीनला भाव चांगला निघाला. आमचा माल उतरायला पावणेसहा झाले. तेव्हा भाव अर्ध्यावर होता, नऊ वाजता त्याच्याही अर्ध्यावर. त्यात तोडणीच्या दिवशी पावसाचा शिडकावा झालेला. भिजलेला झेंडू गोणीत तापतो, मधले फूल काळे पडते. दोन शेतकऱ्यांच्या गोण्या फोडल्यावर आडत्याने नुसती मान हलवली. तो माणूस वाईट नव्हता, त्याने आम्हाला चहा पाजला. पण पट्टी हातात आली तेव्हा गाडीभाडे, आडत, हमाली, तोलाई वजा जाता एका शेतकऱ्याच्या नावावर चारशे दहा रुपये उरले होते, आणि ज्याचे फूल काळे पडले त्याची पट्टी उलटी. साठ रुपये त्यानेच द्यायचे! कांद्याची उलटी पट्टी आपण पूर्वी पाहिली होती. देवाच्या फुलाची त्या दिवशी पाहिली.

तो शेतकरी आम्हाला काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर खोपोलीपर्यंत कुणीच बोलले नाही. बोलला असता तर बरे झाले असते. मग तोच म्हणाला, "साहेब, पंचांग तर सगळ्यांकडं एकच असतंय."

आमची पदवी जिथे चुकली ते त्याने एका वाक्यात सांगितले. आम्ही फुलाचा दिवस मोजला, पण तोच दिवस दहा जिल्ह्यांत मोजला जात होता. दसऱ्याच्या झेंडूची मागणी प्रचंड खरी, पण ती दीड दिवसाची. त्यानंतर त्याच फुलाला जनावरही तोंड लावत नाही. कांदा चाळीत थांबतो, ज्वारी पेवात थांबते, तोडलेला झेंडू फार तर दोन-तीन दिवस. ज्याचा माल थांबू शकत नाही त्याला भाव ठरवता येत नाही, आणि ज्याला बसायला जागा नाही त्याला तेवढाही नाही.

त्या सकाळी मात्र आम्ही आणखी एक पाहिले. बाजाराबाहेर फुटपाथवर शहापूर-कसाऱ्याकडच्या, पालघरकडच्या आदिवासी बाया बसल्या होत्या. आपट्याच्या डहाळ्या, भाताच्या लोंब्या, कुरडूची फुले, आंब्याचे डहाळे. रात्रीच्या लोकलने आलेल्या, डोक्यावर भारा, कडेवर पोर. त्यांचा माल थोडा होता, पण तो गिऱ्हाइकाच्या थेट हातात जात होता आणि भाव त्या सांगत होत्या. (आपट्याच्या नावावर पुष्कळदा कांचन खपतो. दोन्हींची पाने जोडपाने, पण आपट्याचे पान लहान आणि जाडसर असते. शहाण्याने पाहून घ्यावे.) पोलिसाची शिट्टी वाजली की त्या भारा उचलून दहा पावले सरकत आणि परत बसत. रात्रभर उघड्यावर काढणाऱ्या त्या बायांचे आयुष्य सुखाचे आहे असे म्हणण्याचा मूर्खपणा आम्ही करणार नाही. पण पदवी असलेल्या आम्हाला जे जमले नाही ते त्यांना जमत होते.

पुढच्या वर्षी आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, सगळा झेंडू दसऱ्यावर लावला नाही. एक तुकडा गणपती-गौरीला धरला, एक नवरात्राच्या नऊ माळांना, थोडा दसऱ्याला आणि बाकी दिवाळीला. काही सऱ्यांत शेंडा खुडून फूल आठ-दहा दिवस मागे ढकलले. नवरात्रात रोज माळ लागते, भाव दसऱ्याइतका चढत नाही, पण तसा कोसळतही नाही. दुसरी, सगळा माल आडतीवर टाकला नाही. लालबाग-परळला आपल्या गावांची माणसे अजून आहेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या पुढे उठल्याच, पुष्कळजण गावी परतले. पण जी टिकली त्यांच्या मुला-नातवंडांनी मंडळे धरून ठेवली आहेत. गिरणीच्या जागी टॉवर आले तरी दसऱ्याला तोरण टॉवरच्या दारालाही लागते. अशा दोन मंडळांच्या पोरांनी आम्हाला चाळीच्या पटांगणात दोन दिवस टेबल दिले. एका ठिकाणी दुपारपर्यंत सगळा माल संपला, गिऱ्हाइकाला दादरपेक्षा स्वस्त आणि आम्हाला आडतीच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्या ठिकाणी रस्त्याला लागून बसलो होतो, तिथून दोन तासांत उठवले. माल परत दादरला, पडेल त्या भावाने. त्या वर्षी अकरापैकी आठच शेतकरी बरोबर होते हेही सांगायला हवे. उलट्या पट्टीवाला मात्र होता.

कायद्याचे म्हणाल तर २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आठवडे बाजारही निघाले. दार उघडले हे चांगलेच झाले. पण मुंबईत दाराबाहेर पायरी नाही. भाजी आणि फळांचा घाऊक बाजार १९९६ साली वाशीला गेला, फुलांचा दादरलाच राहिला, आणि दादरला इंचाला किंमत आहे. आमची मागणी अनुदानाची नाही. गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी या दिवसांत प्रत्येक वॉर्डात एखादे मैदान, शाळेचे पटांगण शेतकऱ्यांना भाड्याने द्या. भाडे घ्या, पावती द्या, उठवू नका.

प्लास्टिकच्या फुलांबद्दल नेहमी विचारले जाते. सरकारने बंदी घालावी अशी फूलउत्पादकांची ओरड आहे, आणि राग आम्हालाही येतो. देवाला प्लास्टिकचा झेंडू! कचऱ्याचा प्रश्न खरा आहे, २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात बंदी आली ती त्याच कारणाने. पण कांद्याची निर्यातबंदी झाली की रस्त्यावर येणाऱ्या आपण दुसऱ्याच्या मालावर बंदी मागताना जरा जीभ चावावी. लोक प्लास्टिकचे तोरण का घेतात? ते एकदा घेतले की पाच वर्षे चालते, आणि खरे फूल दसऱ्याच्या सकाळी दाराशी चौपट भावाने येते. ते चौपट आपल्याला मिळत नाही, हे त्या गिऱ्हाइकाला कुणी सांगितले आहे का? या बाबतीत आपल्यातच दोन मते आहेत. दुपारच्या चर्चेत ती मोकळेपणाने मांडा.

आता कामाचे. येत्या दसऱ्यासाठी गावनिहाय याद्या मंडपाबाहेरच्या टेबलावर आहेत. नावासमोर किती गुंठे आणि कोणत्या सणाला, ते लिहायचे. सगळ्यांनी दसरा लिहिला तर यादी फाडून परत करू. ज्यांचे कुणी भाऊबंद गिरगाव, दादर, परळ, लालबागला असतील त्यांनी त्यांच्या मंडळाचे नाव लिहावे आणि आजच रात्री फोन करून पटांगणाचे विचारावे. टॉवरमध्ये राहणारा असेल तर कितवा मजला तेही लिहा, आणि लिफ्टमधून गोणी नेऊ देतात की नाही हे आधी विचारून ठेवा. मागच्या वेळी आम्ही अकरा मजले चढलो होतो.