एकट्याने ग्लूमहेवन: काय काढायचं, काय ठेवायचं

आज बोलूया एकट्याने ग्लूमहेवन खेळण्याबद्दल. आयझॅक चिल्ड्रेसचा 2017 चा हा खेळ एक ते चार जणांसाठी आहे. पण एकटे असलात तरी किमान दोन पात्रं चालवावी लागतात. म्हणजे दोघांचे पत्ते तुमच्याकडे, आणि वर सगळे राक्षसही तुमच्याच डोक्यावर.

आमचा ग्रुप नोकऱ्यांमुळे पांगला, तेव्हा मी एकट्याने सुरुवात केली. पहिल्या रविवारी नुसतं मांडण्यात पाऊण तास गेला. खेळून उठलो तेव्हा वाटलं, सुट्टीच्या दिवशीही ऑफिसचंच काम केलं. मग दोन महिने बॉक्स कपाटावर.

परत काढला तेव्हा तीन गोष्टी बदलल्या. एक, नकाशाचे तुकडे खणांच्या फाइलमध्ये क्रमाने लावले, आणि प्रत्येक राक्षसाचे पत्ते नि पुठ्ठ्याच्या आकृत्या एकाच झिपच्या पिशवीत. दोन, राक्षसांचं हेल्थ, कोणाची पाळी कधी, कोणाला विष लागलंय, हे सगळं टॅबवरच्या हेल्पर ॲपमध्ये. तीन, पात्रं दोनच. तिसरं घेतलं की राक्षसही वाढतात, आणि हिशोबही. आता मांडणी पंधरा मिनिटांत होते.

इथवर छान. पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला, थांबतोय कुठे! हल्ल्याचे मॉडिफायर पत्तेही ॲपवर टाकले. या खेळात फासे नाहीत. वीस पत्त्यांचा गठ्ठा असतो, त्यात एक पत्ता वार दुप्पट करतो आणि एक पूर्ण फुकट घालवतो. एकदा माझी स्पेलवीव्हर शेवटच्या दोन पत्त्यांवर होती, समोर एकच राक्षस. बटण दाबलं, वार फुकट, हरलो. आणि मला काहीच वाटलं नाही! तेव्हा कळलं, काहीतरी चुकतंय. दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत टेबलावर आला. पत्ता हळूच उलटताना छातीत जे धडधडतं ना, त्यासाठीच तर खेळतो आपण.

अजून एक नियम मी सोयीसाठी वगळला होता. एकट्याने खेळताना राक्षसांची आणि सापळ्यांची पातळी एकने वाढवायची असते. त्याचं बक्षीस मात्र वाढत नाही. मला हा अन्याय वाटायचा. पण ग्रुपमध्ये आपल्या पत्त्यांवरचे नेमके आकडे एकमेकांना सांगता येत नाहीत. एकट्याला दोन्ही हात दिसतात. हा मोठा फायदा आहे, त्याची ही किंमत. नियम परत लावल्यावर पहिल्या तीन लढाया हरलो, पण चौथी जिंकलो तेव्हा घरात एकटाच ओरडलो.

तर सांगायचं इतकंच, की नोंदी ठेवायचं काम बिनधास्त ॲपला द्या. विचार आणि धाकधूक स्वतःकडे ठेवा.

अगदी नवीन असाल तर 2020 चा जॉज ऑफ द लायन घ्या. त्यात पुस्तकाचं पानच नकाशा असतं, तुकडे जुळवायची भानगडच नाही. चला, भेटू पुढच्या भागात!