खेळ संपल्यावर काय? वसीम जाफर, विदर्भ आणि आपण

(नंदनवन, नागपूर इथे युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज क्रिकेटवर बोलणार असं कळल्यावर काही जण खूश झाले आणि काही जणांनी कपाळाला हात लावला. दोघांनाही सांगतो, मी धावांबद्दल कमी आणि धावा थांबल्यानंतरच्या दिवसांबद्दल जास्त बोलणार आहे. पंधरा-वीस वर्षं मेहनत करून माणूस एखाद्या कामात तयार होतो. मग त्याचा खेळ संपतो. त्याच्याकडे साठलेलं ज्ञान पुढे कुठे जातं? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आमच्याकडेही हा प्रश्न रोज असतो. आणि आपल्या मोहल्ल्यात तर तो फार मोठा आहे.

अमेरिकेत या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या खेळात, व्यावसायिक लीगमधून निवृत्त झालेले अनेक खेळाडू कॉलेजच्या संघांचे कोच होतात. तिथे कॉलेजचा कोच ही मोठी असामी असते. काही राज्यांत तर सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचा पगार गव्हर्नरपेक्षा कितीतरी जास्त असतो. डीऑन सँडर्स हे त्यातलं गाजलेलं नाव. १९८९ पासून ते व्यावसायिक फुटबॉल खेळले, दोन वेगवेगळ्या संघांकडून लागोपाठ दोन वर्षं सुपर बोल जिंकले. २०२० मध्ये ते मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट विद्यापीठाचे कोच झाले. हे विद्यापीठ १८७७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी सुरू झालं होतं. ज्याला कोणतंही मोठं मैदान मिळालं असतं, तो माणूस आपल्या लोकांच्या, कमी पैशाच्या कॉलेजात गेला. तीन मोसमांनंतर ते कोलोराडोच्या मोठ्या विद्यापीठात गेले, तेव्हा काहींनी नावंही ठेवली. पण त्या तीन मोसमांत साऱ्या देशाचं लक्ष त्या मैदानाकडे गेलं होतं.

आपल्याकडे कॉलेजच्या खेळाला असा पैसा नाही, अशी गर्दीही नाही. पण खेळाडूचा कोच होणं आपल्यालाही नवीन नाही. तालमीतला वस्ताद दुसरं काय करतो? म्हणून आता आपल्या नागपूरकडे येऊ. ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे, तो जन्माने मुंबईचा, पण आपल्याला तो विदर्भाचा म्हणूनही माहीत आहे.

वसीम जाफर यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९७८ चा. वडील मुंबईत बेस्टची बस चालवायचे. अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेकडून खेळताना, पंधरा वर्षांचे असताना, त्यांनी नाबाद ४०० धावा केल्या. अठराव्या वर्षी ते मुंबईकडून रणजी खेळू लागले आणि दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात, राजकोटला सौराष्ट्राविरुद्ध, नाबाद ३१४ धावा काढल्या. २००० मध्ये भारताकडून पहिली कसोटी खेळले. एकूण ३१ कसोट्या, १९४४ धावा, पाच शतकं, त्यातली दोन द्विशतकं: २००६ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये २१२, आणि २००७ मध्ये कोलकात्याला पाकिस्तानविरुद्ध २०२.

एप्रिल २००८ मध्ये ते शेवटची कसोटी खेळले. वय तीस. त्यानंतर भारताच्या संघात पुन्हा बोलावणं आलं नाही.

इथे जरा थांबा. तीस म्हणजे माझ्या आसपासचं वय. तिसाव्या वर्षी तुमच्या कामातलं सगळ्यात मोठं दार बंद झालं, तर तुम्ही काय कराल? आपल्यातले बरेच जण तिथेच हिशेब मांडून बसतात. कोणी अन्याय केला, कोणाचा वशिला लागला, कोण आडवं आलं. जाफर पुढची बारा वर्षं देशांतर्गत क्रिकेट खेळत राहिले. ७ मार्च २०२० ला निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्यांच्या नावावर २६० प्रथम श्रेणी सामने, १९,४१० धावा आणि ५७ शतकं होती. रणजी करंडकात बारा हजार धावांचा टप्पा गाठणारे ते पहिले फलंदाज.

या बारा वर्षांतला शेवटचा भाग आपल्या शहराचा आहे. २०१५-१६ च्या मोसमात ते विदर्भाकडे आले. दुसऱ्या राज्यातून करार करून घेतलेल्या खेळाडूला आपल्याकडे ‘प्रोफेशनल’ म्हणतात. प्रोफेशनलकडून संघाची अपेक्षा साधी असते: धावा कर, पैसे घे, घरी जा. २०१६-१७ मध्ये दुखापतीमुळे त्यांना खेळता आलं नाही, तरी असोसिएशनने ठरलेले पैसे दिले. म्हणून पुढच्या मोसमात ते मानधन न घेता खेळले. कोणी मागणी केली नव्हती. आपण घेतलेलं देणं आहे, असं त्यांना वाटलं.

आणि तोच मोसम विदर्भाचा ठरला. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि एकदाही अंतिम फेरीत गेला नव्हता. त्या वर्षी कोच होते चंद्रकांत पंडित, भारताचे माजी यष्टिरक्षक. कर्णधार होता आपल्या नागपूरचा फैज फझल. उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकविरुद्ध विदर्भ फक्त पाच धावांनी जिंकला. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती इतिहासातली दुसरीच हॅट्ट्रिक. इथे बसलेल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी लक्षात ठेवा, गुरबानीकडे सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी आहे. अक्षय वाडकरने शतक केलं, जाफरनी ७८ धावा केल्या, आणि १ जानेवारी २०१८ ला विजयी फटका जाफर यांच्याच बॅटमधून गेला. मार्चमध्ये इराणी करंडकाच्या सामन्यात त्यांनी २८६ धावा काढल्या, वयाची चाळिशी नुकतीच पूर्ण झालेली असताना. पुढच्या मोसमात हजारावर धावा केल्या आणि विदर्भाने जामठ्याला सौराष्ट्राला हरवून करंडक राखला.

पंडितांबद्दलही एक गोष्ट सांगतो. १९९८-९९ मध्ये ते मध्य प्रदेशचे कर्णधार होते आणि बंगळुरूला रणजीचा अंतिम सामना हरले. २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर, त्याच मध्य प्रदेशाने, त्यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. तेवीस वर्षांपूर्वी खेळाडू म्हणून जे हुकलं, ते त्यांनी दुसऱ्यांच्या हातून करून घेतलं. कोचचं काम म्हणजे हेच. करंडक पोरांच्या हातात असतो.

आता जाफर यांच्या आयुष्यातला अवघड भाग. तो टाळून मला पुढे जाता येणार नाही, कारण तुमच्यातल्या अनेकांच्या मनात तोच प्रश्न आहे. निवृत्तीनंतर, २०२० मध्ये, ते उत्तराखंडच्या संघाचे मुख्य कोच झाले. ९ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनी राजीनामा दिला. कारण दिलं, संघनिवडीत होणारा हस्तक्षेप. त्यानंतर आरोप आले की ते मुस्लिम खेळाडूंना झुकतं माप देत होते, शिबिरात मौलवी बोलावले, संघाची घोषणा बदलली.

त्यांनी काय केलं ते नीट पाहा. दुसऱ्याच दिवशी पत्रकारांसमोर आले आणि एकेक मुद्दा घेऊन उत्तर दिलं. कर्णधार म्हणून मी जय बिस्टाचं नाव सुचवलं होतं, इक्बाल अब्दुल्लाला निवड समितीने कर्णधार केलं. मौलवींना मी बोलावलं नव्हतं, ते शुक्रवारच्या नमाजासाठी आले आणि त्यासाठी व्यवस्थापकाची परवानगी घेतली होती. घोषणेबद्दल म्हणाले, संघात वेगवेगळ्या समाजांची मुलं आहेत, म्हणून राज्याच्या नावाची घोषणा असावी असं मी सुचवलं. अनिल कुंबळेंनी जाहीरपणे त्यांच्या बाजूने लिहिलं. अनेक मोठे खेळाडू मात्र गप्प राहिले, तेही आपण पाहिलं.

आणि त्यानंतर? त्याच वर्षी जुलैमध्ये ते ओडिशाचे मुख्य कोच झाले. पुन्हा नेट, पुन्हा नवी पोरं.

मला हे महत्त्वाचं वाटतं. आरोप झाल्यावर दोन सोपे रस्ते असतात. एक, सगळं सोडून घरी बसायचं. दुसरा, आयुष्यभर त्याच जखमेबद्दल बोलत राहायचं. जाफर यांनी तथ्यं मांडली आणि परत शिकवायला गेले. त्यांना ते उत्तर देता आलं, कारण कोणाचं नाव कोणत्या पदासाठी सुचवलं हे त्यांना नेमकेपणाने सांगता येत होतं. ज्याच्या निवडीमागे कारण असतं, त्याला ते चारचौघांत सांगता येतं.

यातून आपण काय घ्यायचं? मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, शिकवायला निवृत्तीची वाट पाहू नका. जाफर विदर्भाच्या ड्रेसिंग रूममध्ये होते तेव्हा खेळाडूच होते, पण दोन दशकांचा अनुभव पोरांच्या शेजारी बसलेला होता. आमच्या कामात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. नवा मुलगा कोड लिहितो, अनुभवी माणूस ओळ न ओळ वाचतो आणि ‘हे असं का केलंस?’ विचारतो. मी जे काही शिकलो, त्यातलं निम्मं अशाच प्रश्नांमधून शिकलो. आपल्यातला जो पहिल्या वर्षात आहे, तोसुद्धा बारावीच्या मुलीला फॉर्म कसा भरायचा हे सांगू शकतो.

दुसरी, आपल्याकडे आलेल्या कोणालाही शिकवा आणि निवडीचे नियम आधीच भिंतीवर लावा. रविवारच्या वर्गात जागा पंधरा आणि मुलं तीस असतील, तर कोणाला का घेतलं हे प्रत्येक आईबापाला कळलं पाहिजे. वर्गात हसनबागचा मुलगा असेल, जगनाडे चौकातली मुलगी असेल, दोघांना एकच माप. हे आपण कोणाला दाखवण्यासाठी करायचं नाही. शिकवणाऱ्याचा तो धर्मच आहे.

तिसरी, जो शिकून पुढे गेला त्याने परत येऊन हात द्यायचा. आपल्या मोहल्ल्यातून इंजिनिअर झाले, डॉक्टर झाले, पुण्याला गेले, आखातात गेले. अभिमान वाटतो. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मुलाला त्यांचा फोन नंबरही मिळत नाही. दर पिढीला आपण शून्यापासून सुरुवात करतो. गरिबीइतकंच हेही आपल्याला मागे ठेवतं.

आणि हे नागपुरात होत नाही असं कोणी म्हणू नये. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये वस्तीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला, त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ तुम्ही पाहिला असेल, तो त्याच कामावर आहे. विदर्भाने मार्च २०२५ मध्ये जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी जिंकली, तेव्हा मुख्य कोच होते उस्मान घनी. विदर्भाकडून खेळलेला माणूस, विदर्भाच्याच पोरांना शिकवणारा. अंतिम सामन्यात दीडशे धावा काढणाऱ्या नागपूरच्या दानिश मालेवारचं नाव सगळ्यांना पाठ आहे. कोचचं नाव इथे किती जणांना माहीत होतं? हात वर करा. बघा, चार-पाच हात. उस्तादाच्या वाट्याला एवढीच प्रसिद्धी येते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

म्हणून शेवटी एकच काम सांगतो. तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मागे असलेला एक मुलगा किंवा मुलगी निवडा. फक्त एक. आठवड्यातले दोन तास, एक वर्षभर. गणित, इंग्रजी, कोडिंग, शिवणकाम, गोलंदाजी, जे येतं ते. गैरहजेरी लिहून ठेवा, त्याचीही आणि स्वतःचीही.

बैठक संपल्यावर मी इथेच थांबतो आहे. टेबलावर वही ठेवली आहे. एका रकान्यात तुमचं नाव, दुसऱ्यात तुम्हाला काय शिकवता येतं ते लिहा. पहिल्या ओळीत मी माझं लिहिलं आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहाला पहिला वर्ग आहे, पोरं वेळेवर येतात, आपणही यायचं.