लढतीला होकार कुणाचा?

मुष्टियुद्धाची लढत हरली की दुसऱ्या दिवशी एक ठरलेला वाद सुरू होतो. पहिल्या राउंडमध्ये बरा दिसणारा मुलगा दुसऱ्यात तोंड उघडून श्वास घ्यायला लागतो, गार्ड छातीपर्यंत खाली येतो, पाय जागच्या जागी जड होतात आणि तिसऱ्यात तो नुसती घंटेची वाट पाहतो. प्रशिक्षक म्हणतो, पोरानं मेहनत केली नाही, पहाटेच्या धावण्याला दांड्या मारल्या. मुलगा म्हणतो, मला तयारच केलं नव्हतं, समोरचा डावखुरा आहे हे रिंगमध्ये चढल्यावर कळलं. दोघांच्या म्हणण्यात तथ्य असतं. म्हणून वाद मिटत नाही आणि शेवटी ‘चूक दोघांची’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. हे उत्तर मला पटत नाही, कारण त्यानं पुढच्या लढतीपर्यंत काहीच बदलत नाही. कुणी किती घाम गाळला हे तपासण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा असं मला वाटतं. ‘ही लढत आज नको’ असं म्हणण्याचा अधिकार कुणाकडे होता? ज्याच्या हाती नकार होता, अपुऱ्या तयारीचा जाब आधी त्यानं द्यायचा.

आपल्याकडच्या मातीतल्या कुस्तीत हा अधिकार कुणाचा याबद्दल फारशी शंका नसायची. जत्रेच्या मैदानात जोड ठरायची ती वस्तादाला विचारून. पट्ठा कितीही उतावीळ असला, समोर इनाम कितीही मोठं असलं, तरी वस्तादानं ‘अजून नाही’ म्हटलं की विषय संपला. म्हणूनच पट्ठा चितपट झाला तर लोक त्याच्याइतकंच त्याच्या तालमीचंही नाव घेत. पण वस्तादाची जबाबदारी नेमकी कुठं संपते? त्यासाठी आपल्याच भागातलं एक उदाहरण आठवावं लागेल. पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानं कर्नाळ्याकडे निघालं की शिरढोण लागतं. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके या गावात जन्मले. पुढे पुण्यात नोकरी करत असताना लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी शस्त्रविद्येचे धडे घेतले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर छापा घालून त्यांनी उठावाला सुरुवात केली. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी शिरढोणच्या शेजारचं पळस्पे आणि चिखली इथं छापे घातले, आणि घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीनं त्यांना गोळ्या घालून ठार केलं. जुलैमध्ये विजापूर जिल्ह्यातल्या देवर नावदगी इथं फडके स्वतः पकडले गेले. जेमतेम सहा महिन्यांत सगळं आटोपलं. पैसा कमी पडला, शस्त्रं कमी पडली, जमवलेल्या माणसांपैकी अनेकांचं लक्ष लुटीवर राहिलं.

फडक्यांच्या लढ्याची खेळाशी बरोबरी करायची नाही. इंग्रजी सत्तेपुढे पुरेशी तयारी अशी कुणाची कधी झालीच नसती, आणि तरीही कुणीतरी उभं राहणं आवश्यक होतं. पण जबाबदारीचा विचार करताना हे उदाहरण मोलाचं आहे. या अपयशाचा बोल लहुजी वस्तादांना लावावा असं कुणाच्याही मनात आलं नाही, आणि ते रास्तच आहे. तालमीनं अंग तयार केलं, हात तयार केला, नजर तयार केली. उठावाचा दिवस मात्र फडक्यांनी ठरवला, माणसं फडक्यांनी निवडली, कुठं छापा घालायचा हेही त्यांनीच ठरवलं. थांबण्याचा अधिकार त्यांचा होता, म्हणून जबाबदारीही त्यांची होती. त्यांनी ती टाळली नाही. धावपळीच्या त्या दिवसांत लिहिलेल्या आत्मचरित्रात आपल्या अपयशाबद्दल ते देशबांधवांची क्षमा मागतात, वस्तादाकडे बोट दाखवत नाहीत. वस्ताद आणि पट्ठा यांच्यातली रेघ कुठं पडते हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता व्यावसायिक मुष्टियुद्धाकडे पाहू, कारण प्रशिक्षकांची बाजू मांडणारे तिथलीच उदाहरणं देतात. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला अँडी रुइझनं अँथनी जोशुआला सातव्या राउंडमध्ये हरवून जग थक्क केलं. सहाच महिन्यांनी सौदी अरेबियातल्या दिरियामध्ये परतीची लढत झाली, तेव्हा रुइझचं वजन आधीपेक्षा जवळजवळ सात किलोनं वाढून १२८ किलोंच्या घरात गेलं होतं. तो गुणांवर हरला आणि त्यानं लगेच कबूल केलं की आपण नीट सराव केला नाही, प्रशिक्षकांचं ऐकलं नाही. प्रशिक्षक मॅनी रोब्लेस तेच होते, ज्यांच्या हाताखाली तो जिंकला होता. मग प्रशिक्षकाचा दोष कसा काढणार, असं विचारलं जातं. प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर असं की तिथं नकाराचा अधिकारच उलट्या बाजूला असतो. व्यावसायिक जगात पैसा खेळाडूच्या नावावर येतो आणि प्रशिक्षक त्याचा पगारी माणूस असतो. मालकाला ‘तू लढू नकोस’ असं सांगणारा नोकर फार दिवस टिकत नाही, आणि रोब्लेसही त्या पराभवानंतर टिकले नाहीत. ज्यानं सत्ता स्वतःकडे ठेवली, दोषही त्याचाच. टायसनचंही तेच. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लसनं त्याला दहाव्या राउंडमध्ये पाडलं. त्या दिवशी टायसनच्या कोपऱ्यात सुजलेला डोळा दाबायची थंडगार धातूची पट्टीसुद्धा नव्हती. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून ते डोळ्यावर धरत होते. कोपऱ्यातल्या माणसांची ही अक्षम्य हयगय होती. पण केविन रूनीसारख्या जुन्या प्रशिक्षकाला १९८८ मध्ये दूर करून ही माणसं जवळ केली ती टायसननंच.

उलट बाजूची उदाहरणंही तितकीच ठसठशीत आहेत. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा अँथनी हेम्ब्रिक पूर्ण तयारीत होता. प्रशिक्षकांनी लढतींचं वेळापत्रक चुकीचं वाचलं, तो उशिरा पोहोचला आणि त्याचा कोरियन प्रतिस्पर्धी एकही ठोसा न मारता पुढच्या फेरीत गेला. इथं खेळाडूनं काय करायला हवं होतं? काहीच नाही. वेळ पाहणं, नोंद घेणं, रस्ता ठरवणं हे सगळं त्यानं विश्वासानं दुसऱ्यांवर सोपवलं होतं, आणि संघाच्या शिस्तीत त्याला ते सोपवावंच लागत होतं. प्रशिक्षकाच्या नकाराच्या अधिकाराचा सर्वांत उंच वापर पाहायचा असेल तर १ ऑक्टोबर १९७५ ची फिलिपिन्समधली लढत आठवावी. अलीविरुद्ध चौदा राउंड झाले होते. जो फ्रेझरचे डोळे जवळपास मिटले होते, तरी तो पंधराव्या राउंडला उठायला निघाला होता. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला स्टुलावरून उठू दिलं नाही. फ्रेझरला ते आवडलं नाही, पण तो घरी परत गेला. व्यावसायिक लढतीतसुद्धा प्रशिक्षक हा अधिकार स्वतःकडे घेऊ शकतो, हे त्या दिवशी दिसलं. फक्त त्यासाठी आपली नोकरी पणाला लावायची तयारी हवी.

आपल्याकडचं चित्र या दोन्हींपेक्षा अधिक गुंतागुंतीचं आहे, कारण इथं खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यामध्ये तिसरा पक्ष, म्हणजे संघटना, उभा असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाटनं एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. त्यात तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत अपराजित असलेल्या जपानच्या युई सुसाकीला तिनं हरवलं. दुसऱ्या सकाळी पन्नास किलोंच्या गटात ती शंभर ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. रात्रभर धावणं, वाफ घेणं, केस कापणं, सगळं करून झालं होतं. त्यानंतर भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा यांनी सांगितलं की कुस्ती, भारोत्तोलन, मुष्टियुद्ध आणि ज्युदो या खेळांत वजनाची जबाबदारी खेळाडू आणि प्रशिक्षकाची असते, वैद्यकीय पथकाची नव्हे. डॉक्टरांवर झालेले आरोप अन्याय्य होते आणि त्यांची पाठराखण योग्यच होती. पण या विधानानं मूळ प्रश्न सुटत नाही. विनेश आधी ५३ किलोत खेळायची. त्या गटातला ऑलिम्पिक कोटा अंतिम पंघालनं मिळवला होता. विनेशच्या गुडघ्याची दुखापत, २०२३ चं कुस्तीपटूंचं आंदोलन, कुस्ती महासंघावरचं निलंबन, या सगळ्या गदारोळात तिला पन्नासमध्ये उतरणं एवढीच वाट उरली. ती वाट तिनं स्वतः निवडली, हे खरं. पण ती निवडताना ‘हे शरीर दोन दिवस लागोपाठ पन्नासमध्ये बसणार नाही’ असं अधिकारानं सांगणारा आणि त्यावर दुसरा उपाय देऊ शकणारा कुणी होता का? त्या एका रात्री जे घडलं त्याची मुळं काही महिने मागे आहेत, आणि तिथं निव्वळ खेळाडू व प्रशिक्षक एवढी दोनच नावं लिहून भागत नाही.

यावर कुणी म्हणेल की त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतनं दहा तासांत साडेचार किलोंहून जास्त वजन उतरवलं आणि कांस्य मिळवलं, म्हणजे प्रशिक्षक चांगला असला की सगळं जमतं. अमनच्या प्रशिक्षकांनी ती रात्र जागून काढली, त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. तरीही जे जमलं ते योग्य होतं, असा निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. एका रात्रीत साडेचार किलो उतरवावे लागणं हीच मुळात तयारीतली उणीव आहे. पदक मिळालं म्हणून ती झाकली गेली. पराभव झाला तरच आपण जबाबदार माणूस शोधतो, आणि जिंकल्यावर तीच चूक पराक्रम म्हणून सांगतो. मग पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत एखादा चौदा वर्षांचा मुलगा दोन दिवस पाणी न पिता काट्यावर उभा राहतो.

तिसऱ्या पक्षाचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा मॅटची कुस्ती त्यांना नवी होती. रीस गार्डनर यांनी त्यांना तिथं शिकवलं आणि ते सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी झिजून तयारी केली. १९५२ ला हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं. म्हणजे खेळाडूची बाजू पूर्ण होती, त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या माणसाचीही होती. पण तिथं एक मोठी कुस्ती संपवून ते बाहेर आले न आले तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं गेलं. नियमानं दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला भारताचा एकही अधिकारी आखाड्याजवळ नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कांस्य राहिलं. त्या दिवशी नकार देण्याचं काम ज्याचं होतं तो माणूस जागेवरच नव्हता. सत्तर वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी मुष्टियोद्धा लव्हलिना बोर्गोहाईंला आपल्या प्रशिक्षक संध्या गुरुंग यांना क्रीडाग्रामात प्रवेश मिळावा म्हणून जाहीरपणे तक्रार करावी लागली. प्रवेश शेवटी मिळाला, पण सरावाच्या ऐन दिवसांत खेळाडूचं मन कागदपत्रांत अडकलं. ती उपांत्यपूर्व फेरीत हरली. हरण्याचं सगळं कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या प्रशिक्षकाला दाराबाहेर उभं केलं, त्याला तयारीबद्दल जबाबदार धरता येणार नाही, एवढं नक्की.

माझ्या या भूमिकेवर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. प्रशिक्षकावर इतका भार टाकला तर खेळाडू पांगळा होईल, स्वतःच्या शरीराचा मालक होणार नाही. हे प्रौढ खेळाडूच्या बाबतीत खरं आहे. पहाटे उठला की नाही, रात्री काय खाल्लं, मनगट दुखतंय की नाही, हे त्याच्याशिवाय कुणाला कळत नाही, आणि ते लपवणारा खेळाडू स्वतःच्याच प्रशिक्षकाची फसवणूक करतो. तेवढा दोष त्याचा. पण बारा-चौदा वर्षांच्या मुलाला नकार देताच येत नाही. शाळेनं नाव पाठवलेलं असतं, वडील सुट्टी काढून आलेले असतात, प्रशिक्षकाला पदकांची संख्या दाखवायची असते. तिथं लपवाछपवीसुद्धा भीतीपोटी होते. आणि दुखापत लपवण्याइतकी भीती कुणी निर्माण केली, हाही प्रश्न प्रशिक्षकापाशीच जाऊन थांबतो. दुसरा आक्षेप प्रशिक्षकांचा आहे. एकेका प्रशिक्षकाकडे मुलांचा मोठा घोळका, मानधन तुटपुंजं, स्पारिंगला जोड मिळत नाही, लढतीची तारीख संघटना ऐनवेळी कळवते. हे सगळं खरं आहे, आणि यातलं बरंचसं संघटनांच्या दारात टाकायला हवं. तरीही घोळक्यातलं कुठलं मूल आज रिंगमध्ये चढायला तयार नाही, एवढं ओळखायला मानधन लागत नाही. चार आठवडे त्याचं स्पारिंग पाहिलेल्या माणसाला ते दिसतंच.

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि ती रायगडसारख्या जिल्ह्यातून सुरू करता येईल. शालेय आणि जिल्हा स्पर्धेच्या प्रवेशअर्जावर मुलाच्या नावापुढे प्रशिक्षकाचं नाव असावं, आणि त्यानं लिहून द्यावं की या मुलाचं गेल्या चार आठवड्यांतलं दर आठवड्याचं वजन अमुक आहे, त्यानं इतक्या वेळा पूर्ण तीन राउंडचं स्पारिंग केलं आहे आणि माझ्या मते तो लढायला योग्य आहे. वजनात अचानक मोठी घट दिसली तर आयोजकांनी त्या मुलाला खालच्या गटात उतरवू नये, वरच्या गटात खेळू द्यावं. आणि ज्या प्रशिक्षकानं एखाद्या मुलाचं नाव ‘अजून तयार नाही’ म्हणून मागे घेतलं, त्याचं अनुदान किंवा पुढची निवड त्या कारणानं अडवता येणार नाही, असा ठराव जिल्हा संघटनेनं करावा. वस्तादाला ‘अजून नाही’ म्हणण्याचा त्याचा जुना अधिकार परत द्या आणि त्यावर त्याची सही घ्या.