घरच्या घरी चित्रपटाची किमया

(संस्थेच्या पारितोषिक वितरण समारंभात चाळीसगाव येथे दिलेले भाषण)



बक्षीस समारंभाला डॉक्टर, प्राध्यापक किंवा एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याला बोलावण्याचा प्रघात आहे. मी लग्नाची शूटिंग करणारा माणूस. तीस वर्षे खांद्यावर कॅमेरा वाहिला, भाषण कधी केले नाही. तरीही मुख्याध्यापकांनी मला बोलावले, त्याला कारण सातवीची तीन मुले आहेत. या मुलांनी मोबाईलवर पाऊण मिनिटाची एक फिल्म तयार केली. तिच्यात एक मुलगा मैदानात चालता चालता नाहीसा होतो आणि पाण्याच्या टाकीजवळ प्रकट होतो. फिल्म घरोघरी पोचली. एका मुलाच्या वडिलांनी "अभ्यास सोडून हे काय धंदे" म्हणून मोबाईल काढून घेतला. दुसऱ्याचे वडील माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "भाई, खरं सांगा, यात काही इल्म आहे का, की नुसता टाइमपास?" दोघांचेही म्हणणे मला समजते. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापुरतेच मी बोलणार आहे.

तो मुलगा गायब कसा झाला ते आधी सांगतो. मोबाईल एका जागी घट्ट ठेवायचा. स्टँड नसला तर दोन विटा आणि मध्ये कापडाची गुंडाळी चालते. मुलगा चालत येतो व मध्यभागी थांबतो. आता बाकीच्यांनी 'स्टॅच्यू' म्हटल्यासारखे जागच्या जागी थबकायचे आणि त्या एकट्याने चौकटीबाहेर निघून जायचे. रेकॉर्डिंग चालूच राहते. तो बाहेर गेला की बाकीच्यांनी पुन्हा हालचाल सुरू करायची. पुढे एडिटिंगमध्ये तो बाहेर जातानाचा तुकडा कापून फेकायचा आणि दोन टोके जोडायची. एवढेच. कात्रीचे चिन्ह बहुतेक ॲपमध्ये असते. ते समजायला मराठी, उर्दू, इंग्रजी कोणतेही माध्यम आड येत नाही.

कृती सोपी असूनही बहुतेकांची ती फसते, आणि का फसते हे शोधण्यात खरे शिक्षण आहे. या मुलांची पहिली फिल्म फसली होती. मुलगा नाहीसा होताच सगळे मैदान अचानक उजळले. कारण असे की मोबाईल आपल्या मर्जीने उजेड कमीजास्त करीत असतो. पांढरे जॅकेट घातलेला मुलगा बाजूला झाला की त्याला वाटते चित्र बदलले. पडद्यावर बोट थोडा वेळ दाबून धरले की बहुतेक मोबाईलमध्ये उजेड आणि फोकस दोन्ही पक्के होतात. दुसऱ्या खेपेला सावलीने घोटाळा केला. यांनी मध्ये खिचडी खाल्ली, तेवढ्यात सूर्य सरकला, आणि जोडाच्या ठिकाणी झाडाची सावली टुणकन उडी मारते ती स्पष्ट दिसते. सातवीची मुले पृथ्वीच्या परिवलनाबद्दल माझ्या दुकानात भांडत होती, हे मी त्यांच्या भूगोलाच्या गुरुजींना मुद्दाम सांगतो.

ही युक्ती सिनेमाइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा जादूगार होता. तो पॅरिसच्या रस्त्याचे चित्रण करीत असता यंत्र क्षणभर अडकले आणि पुन्हा चालू झाले. घरी येऊन पाहतो तो काय, घोड्यांच्या बसच्या जागी एकाएकी प्रेतगाडी! निदान तो तरी असे सांगत असे. १८९६ साली त्याने हीच युक्ती वापरून खुर्चीवर बसलेली बाई पडद्यावर अदृश्य करून दाखविली. आपल्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके हेही जादूचे प्रयोग करीत. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत एक बी पेरले आणि रोज थोडी थोडी चित्रे घेत अंकुराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखविली. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर, १९१३ साली आला. भांडवल देणाऱ्याची खात्री एका रोपट्याने पटली होती. सुटीत हा प्रयोग कोणीही करू शकेल. मटकीला मोड येताना दर अर्ध्या तासाने एक फोटो घ्या, बल्ब तोच ठेवा, खिडकी बंद ठेवा, आणि सर्व फोटो ओळीने लावून प्रत्येकाला सेकंदाचा दहावा भाग द्या. दोन दिवसांत सुमारे शंभर फोटो होतात, म्हणजे दहा सेकंदांची फिल्म. रात्री उठायचे की नाही ते अम्मीला विचारून ठरवा.

आता मुंबई-पॅरिस सोडून आपल्या गावात येतो. स्टेशनजवळ कैकी मूस यांचा बंगला आहे, तो येथल्या किती मुलांनी आतून पाहिला आहे? हात वर करा. फारच थोडे. मूस यांचा जन्म १९१२ चा, मृत्यू १९८९ चा. विलायतेत शिकून आलेला हा पारशी कलावंत कित्येक वर्षे या गावात बंगल्याबाहेर जवळजवळ पडलाच नाही, आणि तेथे बसून टेबल-टॉप फोटोग्राफीत नाव कमावले. टेबल-टॉप म्हणजे टेबलावर लहानसहान वस्तू मांडून असा देखावा रचायचा की फोटोत तो खराखुरा वाटावा. या कलेत मिठाचा बर्फ होतो, काचेचे पाणी होते, आणि दिव्याचा सूर्य होतो. ज्याला घराबाहेर पडायचे नव्हते त्याने जग टेबलावर मागविले.

आज हेच मुलांना मोबाईलवर करता येते, आणि एका बाबतीत मोबाईल मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा सोयीचा आहे. फोटोत जवळचे स्पष्ट व मागचे धूसर असले की आपल्या डोळ्याला वस्तू छोटी वाटते. मोबाईलचे भिंग व आतला सेन्सर लहान असल्याने जवळचे-लांबचे बरेचसे सारखेच स्पष्ट येते, म्हणून पुठ्ठ्याचा किल्ला मोठा वाटू शकतो. मोबाईल किल्ल्याच्या पायथ्याशी, मुंगीच्या नजरेने ठेवा. दिवा एकाच बाजूने असू द्या, कारण आकाशात सूर्य एकच आहे.

किल्ला पाडायचा असेल तर मात्र गणित लागते. फूटभर उंचीची भिंत पडायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या चौपट वेळ सोळा फुटी भिंतीला लागतो. उंची सोळा पट, वेळ चौपट, म्हणजे वर्गमूळ. म्हणून सेकंदाला १२० चित्रे घ्यायची आणि ३० च्या गतीने दाखवायची. फूटभराचा पुठ्ठा सोळा फुटी तटासारखा कोसळतो. वर्गमूळ कशाला शिकायचे असे विचारणाऱ्या मुलांसाठी मी हा पुठ्ठा दुकानात ठेवला आहे.

पुढचा प्रकार शिकायला मालेगाव गाठू. येथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तेथे व्हिडिओ पार्लर चालविणारे शेख नासिर यांनी २००० सालच्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. घोड्यांवरचे डाकू सायकलवर आले. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला, आणि सुपरमॅन म्हणजे उडायला हवे. क्रेन कोठून आणणार? त्यांनी हिरवे कापड लावले, हडकुळ्या शफीकला आडवा धरला आणि कापडाच्या जागी आकाश भरले. हा शफीक यंत्रमागावर काम करणारा मजूर होता. फैजा अहमद खान यांनी या सर्व खटाटोपावर २००८ साली माहितीपट केला, तो देशोदेशी गेला. २०२५ साली त्याच मंडळींवर मोठ्या पडद्याचा हिंदी चित्रपटही आला. शफीक मात्र २०११ साली कर्करोगाने गेला.

हिरव्या कापडामागचे तत्त्व असे. सॉफ्टवेअरला आपण सांगतो की या रंगाचा जो जो ठिपका दिसेल तो पारदर्शक कर, आणि खालच्या पट्टीवरचे दुसरे चित्र तेथून दिसू दे. हिरवाच का? माणसाच्या कातडीत तो रंग फारसा नाही, आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये लाल व निळ्याच्या प्रत्येकी एका ठिपक्यामागे हिरव्याचे दोन असतात, म्हणून तो नीट टिपला जातो. जुन्या विंडोज मूव्ही मेकरमध्ये चित्राची पट्टी एकच असे, त्यात हे जमत नसे. कापणे, जोडणे, गती बदलणे यावर भागवावे लागे. आता शॉटकट, ओपनशॉट यांसारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि त्यांत पट्ट्या हव्या तेवढ्या घेता येतात. चादरीला इस्त्री करा, तिच्यावर उजेड सगळीकडे सारखा पाडा, आणि पात्राला तिच्यापासून पाच-सहा फूट पुढे उभे करा. नाहीतर चादरीचा हिरवा उजेड कानांच्या कडांवर पडतो आणि कान अर्धे गायब होतात. कपडे हिरवे नकोत. माझा पुतण्या ईदचा हिरवा कुर्ता घालून उभा राहिला, तेव्हा पडद्यावर आकाशातून फक्त डोके आणि दोन हात उडत गेले. त्याची दादी घाबरली. त्याला मात्र ते इतके आवडले की दुसऱ्यांदा करू या म्हणाला.

आता एक गोष्ट माझ्या चुकीची. १९९६ साली मी एका निकाहची शूटिंग केली. त्या सुमारास नवा मिक्सर भाड्याने आणत असू. त्यात बदामाचा आकार होता, पान उलटत असे, फुलांचा पाऊस पडे. मी प्रत्येक शॉटवर काही ना काही टाकले. घरच्यांनी वाहवा केली, आणखी दोन लग्ने मिळाली. अकरा वर्षांनी दुल्हनचा भाऊ ती कॅसेट घेऊन आला. त्यांचे अब्बा वारले होते. त्यांना फोटोची हौस नव्हती. हलते-बोलते असे ते याच एका कॅसेटमध्ये होते. तो म्हणाला, "चाचा, अब्बांचा चेहरा काढून द्या." मी रात्रभर शोधले. रुखसतीच्या वेळी ते मुलीच्या डोक्यावर हात ठेवतात, आणि नेमके तेथे मी बदाम आणला होता. पुढच्या शॉटवर फुले. मूळ चित्रणाची कॅसेट मी तेव्हाच पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली होती. सलग चार सेकंदही चेहरा मिळाला नाही. तेव्हापासून मी मूळ चित्रण पुसत नाही, आणि माणसाच्या चेहऱ्यावर काही टाकीत नाही. मुलांनो, कापाकापी नेहमी नकलेवर करा. मूळ फाईल वेगळ्या जागी ठेवा.

पालकांना मी जे सांगायला आलो ते आता सांगतो. कराचीतील एका संस्थेने २०१६ साली मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक छोटी फिल्म केली होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणारे पोर उचलतात, पळतात. मग परत येऊन पोराला खाली ठेवतात आणि मुलांवर लक्ष ठेवा अशा अर्थाचा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवट कापला. शेवटचे काही सेकंद, एक कात्री. २०१८ साली तो तुकडा 'मुले पळविणारी टोळी' म्हणून भारतभर मोबाईलवर फिरला. त्याच वर्षी १ जुलैला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. त्या गावात नेमके कोणते चित्र पोचले होते यावर मी बोलत नाही. पण त्या दिवसांत अफवा अशाच तुकड्यांवर स्वार होऊन फिरत होत्या.

ज्या वडिलांनी विचारले की यात इल्म आहे का, त्यांना मी ती कापलेली फिल्म दुकानात दाखविली. त्यांना काही दिसले नाही. त्यांच्या मुलाने ती दोनदा पाहिली आणि म्हणाला, "अब्बा, हा वरून घेतलेला कॅमेरा चांगला आहे, पण गाडी गल्लीच्या टोकाला गेल्यावर चित्र एकदम तुटतं. पुढचं कुठे आहे?" पुढचे कुठे आहे, हे बारा वर्षांच्या मुलाने विचारले. मैदानातली झाडाची सावली जोडताना त्याच्या डोळ्याला तेवढी सवय झाली होती.

माझे बोलणे संपले. आता मुलांची फिल्म पडद्यावर दाखवायची आहे, पण तिची एकच चांगली प्रत आहे आणि ती जप्त झालेल्या मोबाईलमध्ये आहे. ते पालक तिसऱ्या रांगेत बसले आहेत. भाईसाहेब, पाच मिनिटांसाठी मोबाईल द्याल का? शुक्रिया. कोणीतरी खिडक्या लावा.