चार बाजूंचा त्रिकोण

सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला दोन सवयी जडतात. बेरीज जुळली नाही की चूक हाताखालच्याची समजायची, आणि एकदा मारलेला शेरा मागे घ्यायचा नाही. माझ्या या दोन्ही सवयी मध्यंतरी घरातच उघड्या पडल्या. निमित्त झाले एका चौकोनाचे.

चौकोनाच्या चारही कोनांची बेरीज ३६० अंश असते, हे मुलीला वहीत पडताळून पाहायचे होते. चारचौघींसारखा चौकोन काढील तर ती आमची मुलगी कसली! तिने बाणाचे टोक काढले. पुढे अणी, मागे दोन पंख आणि पंखांच्या मधोमध आत शिरलेली खाच. बाजू चारच. कोनमापकाने तिने कोन मोजले. अणीचा ४०, पंखांचे ३० आणि ३०, खाचेचा १००. बेरीज भरली २००.

"बाबा, बाकीचे एकशे साठ कुठे गेले हो?"

मी आकृतीकडे न पाहताच लाल शाईने लिहिले, ‘पुन्हा मोजावे’, आणि खाली सही ठोकली. तिने पुन्हा मोजले, २००च आले. तिसऱ्या खेपेला तिचे डोळे भरून आले, तेव्हा कुठे मी चष्मा चढवला.

मोजणी बिनचूक होती. पण खाचेपाशी तिने मोजला तो कोन आकृतीच्या बाहेरचा होता. चौकोनाचा स्वतःचा कोन पलीकडून, पंखांच्या आणि अणीच्या अंगाने वळसा घेतो. तो ३६० वजा १००, म्हणजे २६० अंशांचा. हरवलेले १६० तिथेच होते. कंपासपेटीतल्या अर्ध्या चकतीवर १८०च्या पुढे आकडाच नसतो, त्यामुळे असा प्रविशाल कोन सहजासहजी दृष्टीस पडत नाही.

तिला हे पटेना. "एवढा मोठा कोन कधी असतो का?" मग खराट्याच्या दोन लांब व दोन आखूड काड्या घेतल्या, टोके दोऱ्याने सैलसर बांधली आणि पतंग केला. आखूड काड्यांचा सांधा हळूहळू आत दाबला. तिथला कोन रुंदावत गेला, १२०, १५०, आणि दोन्ही काड्या एका रेषेत आल्या तेव्हा १८०. आणखी दाबले तर पतंगाचा बाण झाला. आता सांगा, १८०पर्यंत वाढत आलेला कोन एकाएकी आखडू का लागेल? तो वाढतच जातो. काड्या त्याच, बाजू त्याच, आकार मात्र दोन. नुसत्या चार बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त पिशाच म्हटले आहे, ते उगीच नव्हे.

या आकृतीची एक गंमत मला त्या रात्रीच उमगली. अणी, पंख आणि पंख यांची बेरीज १००. बाहेरची खाचही १००. हा योगायोग नव्हे. अणीपासून खाचेपर्यंत रेघ ओढा आणि ती तशीच पुढे बाहेर न्या. बाणाचे दोन त्रिकोण झाले. त्रिकोणाचा बाह्यकोन समोरच्या दोन आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो, हे आपण शाळेत घोकले आहे. रेघेच्या एका अंगाला अर्ध्या अणीचे २० आणि पंखाचे ३० मिळून ५०, दुसऱ्या अंगालाही ५०. दोन्ही मिळून खाच. बाण वेडावाकडा असला तरी हिशेब ढळत नाही. शिवाय दोन त्रिकोणांचे १८० आणि १८० म्हणजे ३६०, तोही प्रश्न मिटला. रेघ मात्र हीच हवी. पंखापासून पंखापर्यंतचा दुसरा कर्ण आकृतीच्या बाहेरून जातो.

मुलीची शंका पोरकट होती असे कोणी समजू नये. युक्लिडच्या परंपरेत दोन काटकोनांहून मोठ्या कोनाला कोन म्हणून गणत नसत. पाचव्या शतकातला भाष्यकार प्रोक्लस या आकृतीला चार बाजूंचा त्रिकोण म्हणतो. काही जण तिला बाणाग्रासारखी म्हणत, आणि झेनोडोरसने तिला पोकळ कोनाची म्हटले, असेही तो नोंदवतो. बाजू चार आणि कोन तीन! खाचेतला कोन त्या थोरांनीही हिशेबात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वही शाळेत जायची होती. लाल शाई खोडरबराने जाईना. अखेर ‘पुन्हा मोजावे’च्या खाली मी लिहिले, ‘मोजणी बरोबर. शेरा रद्द’, आणि पुन्हा सही केली. मुलीने ते वाचले आणि खाचेच्या आतल्या अंगाने पेन्सिलीने मोठा थोरला वळसा काढून त्यात लिहिले, २६०.