व्याज कशाला म्हणायचे?

(तळवडे येथे कामगार व लघुउद्योजकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देहू तळवड्यापासून दूर नाही. तुकोबांचे घराणे महाजनकीचे. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. खत बुडाले की कर्ज बुडाले, इतका कागदाचा आणि कर्जाचा संबंध त्या काळी सरळ होता. आज तळवड्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालविणारा कामगार घरासाठी कर्ज काढावयास जातो, तेव्हा त्याच्यापुढे कागदांचा गठ्ठा येतो. त्याचा प्रश्न मात्र एकच असतो : व्याज किती? उत्तर मिळते, 'नऊ टक्के.' हे उत्तर खोटे नसते. ते अपुरे असते.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. दहा लाखांचे गृहकर्ज, मुदत २० वर्षे, दर ९ टक्के. मासिक हप्ता ८,९९७ रुपये. प्रक्रिया शुल्क, म्हणजे 'प्रोसेसिंग फी', दीड टक्का धरली तर १५,००० रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर २,७०० रुपये. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मालमत्तेचे मूल्यांकन मिळून ७,३०० रुपये. कर्जदाराच्या जीविताचा एकरकमी विमा ३५,००० रुपये. असे ६०,००० रुपये आरंभीच वळते झाले. हाती आले ९ लाख ४० हजार, हप्ता मात्र पुऱ्या दहा लाखांचा. हातात पडलेल्या रकमेवर हिशेब केला, तर खरा दर ९.८८ टक्के भरतो. पाचच वर्षांनी घर विकून कर्ज चुकते करावे लागले, तर तोच दर साडेदहा टक्क्यांच्याही वर जातो, कारण आरंभीचा खर्च वीस वर्षांऐवजी पाच वर्षांवर पडतो. ज्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याला वीस वर्षांचे गणित लागू पडेलच, असे कोणी सांगावे?

यात नवे काही नाही. पेशवाईच्या हिशेबांत 'मनोती' हा शब्द आढळतो. सावकार कर्ज देताना व्याजाखेरीज जी वरकड रक्कम घेई, ती मनोती. दरबारालाही ती चुकली नव्हती, मग कुणब्याची काय कथा! १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः खतांवर होता. खते हिसकावून घ्यावयाची आणि जाळावयाची. मुद्दल किती, व्याज किती आणि व्याजाचे पुन्हा मुद्दल कधी झाले, हे त्या कागदांतून कुणब्याला कळण्याची सोय नव्हती. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्याने न्यायालयाला खतामागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्यास सांगितले, मुद्दलाचा आणि व्याजाचा हिशेब वेगळा ठेवावयास लावला, आणि थकलेले व्याज मुद्दलात चढविण्यास मनाई केली. खतावर काय लिहिले आहे त्यापेक्षा प्रत्यक्ष काय दिले-घेतले हे मोठे, हे तत्त्व या मातीत असे रुजले.

१९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने तेच तत्त्व व्याख्येत आणले. कर्जाच्या संबंधात मुद्दलापेक्षा जास्त दिलेली वा देय असलेली कोणतीही रक्कम, मग तिला नाव काहीही द्या, ती व्याजच. कायद्याने मान्य केलेला खर्च तेवढा वगळावा. 'नाव काहीही द्या' हे शब्द फार मोलाचे आहेत. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली, परंतु बँका त्याच्या कक्षेबाहेर आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्यांनाही राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. शिवाय बँकिंग नियमन कायद्यात १९८४ साली अंमलात आलेल्या कलम २१अ मुळे व्याज अवाजवी आहे या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला पुन्हा उघडता येत नाही. गावच्या सावकारासाठी जी दारे कायद्याने उघडली, ती शहराच्या सावकारासाठी बंद झाली.

आता सरकारचेच दोन कागद शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९६१ च्या आयकर कायद्याने कलम २ (२८अ) मध्ये व्याजाची व्याख्या केली, आणि उसन्या घेतलेल्या पैशाबाबतचे सेवाशुल्क वा अन्य आकार व्याजात समाविष्ट आहेत, असे म्हटले. वस्तू व सेवा कराखाली जून २०१७ मध्ये सूट देणारी अधिसूचना निघाली. तिनेही व्याजाची व्याख्या केली. शब्द जवळपास तेच. फक्त जेथे सेवाशुल्क 'समाविष्ट' होते, तेथे ते 'समाविष्ट नाही' असे झाले. व्याजावर कर नाही, म्हणून शुल्काला व्याजाबाहेर काढले आणि त्यावर १८ टक्के कर बसविला. एकच पंधरा हजारांची रक्कम, एकच केंद्र सरकार. एका खात्यासाठी ती व्याज, दुसऱ्यासाठी सेवा. कर्जदाराने कोणती सेवा घेतली म्हणायची? त्याला कर्ज द्यावे की नाही, याचा विचार धनकोने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी केला, ही!

अमेरिकेत हाच झगडा पॉल डग्लस यांनी लढविला. ते शिकागो विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, पुढे सिनेटर झाले. कर्जाची संपूर्ण किंमत एका वार्षिक दरात सांगितली पाहिजे, असे विधेयक त्यांनी १९६० साली मांडले. कायदा झाला १९६८ साली, तोवर डग्लस निवडणूक हरून सिनेटबाहेर गेले होते. त्या कायद्यात एक चोरवाट राहिलीच. घर-जमिनीच्या कर्जातील हक्कतपासणी, मूल्यांकन, दस्तऐवज तयार करणे यांचे वाजवी खर्च वित्तीय आकारातून वगळण्यात आले. विमा ऐच्छिक असून कर्जदाराने तशी सही दिली, तर त्याचा हप्ताही वगळता येतो. गरजू माणसाची 'ऐच्छिक' सही कशी मिळते, हे येथे कोणाला समजावून सांगण्याची जरूर नाही.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने या बाबतीत अधिक चांगले पाऊल टाकले, हे मोकळेपणाने मान्य करावे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांना 'मुख्य तथ्य विवरणपत्र' सक्तीचे झाले. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. त्यातील वार्षिक टक्केवारी दरात व्याज आणि सर्व आकार धरावयाचे. विमा, कायदेशीर तपासणी यांसारखे त्रयस्थांसाठी वसूल केलेले खर्चदेखील. विवरणपत्रात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये दंडव्याजावर बंदी आली. हप्ता चुकल्याचा दंड 'दंडात्मक आकार' म्हणून वेगळा घ्यावा, त्यावर व्याज चढवू नये, असा हुकूम झाला. १८७९ च्या कायद्याचा हा दूरचा वारस म्हणावा. परंतु अवाजवी शुल्काला यात कमाल मर्यादा कोठेही नाही. किंमत सांगा, एवढेच बंधन आहे; किंमत किती असावी याविषयी मौन आहे.

आणि हे बंधन तळवड्यात सर्वांपर्यंत पोहोचत नाही. तळवडे-रुपीनगरचा बराच भाग देहूरोडच्या लष्करी दारूगोळा डेपोभोवतीच्या 'रेड झोन'मध्ये येतो. तेथे अर्ध्या गुंठ्यावर घर बांधलेल्या कामगाराला त्या घरावर बँकेचे गृहकर्ज मिळणे दुरापास्त. मग तो सोने गहाण ठेवतो, महाग वैयक्तिक कर्ज घेतो, नाहीतर पतसंस्थेकडे जातो. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालते, रिझर्व्ह बँकेखाली नव्हे. म्हणून हे विवरणपत्र देण्याचे बंधन तिच्यावर नाही. ज्याचे तारण दुबळे, त्याचे कर्ज महाग, आणि त्याच्या कर्जाची किंमतही कागदावर यावयाची नाही. तेव्हा पतसंस्थांनाही असेच विवरणपत्र लागू करावे, ही मागणी राज्याच्या सहकार खात्याकडे करावी लागेल. शुल्काला मर्यादा घालण्याची मागणी रिझर्व्ह बँकेकडे आणि कर्जशुल्कावरील कर रद्द करण्याची जीएसटी परिषदेकडे.

तोवर हाती आहे ते वापरावे. सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जाचे विवरणपत्र दिल्यावर निदान तीन कामाचे दिवस त्या अटी कायम ठेवणे धनकोवर बंधनकारक आहे. त्या तीन दिवसांत कार्यकर्त्याने कर्जदाराशेजारी बसून तो कागद वाचावा. मराठी प्रत नसेल तर मागावी. व्याजदर आणि वार्षिक टक्केवारी दर यांत अंतर का पडले, ते ओळीओळीने विचारावे. विम्याच्या ओळीवर बोट ठेवून 'हा घेतला नाही तर कर्ज मिळेल का?' हा प्रश्न करावा, आणि उत्तर लेखी घ्यावे.