लेबलावरचे नाव

जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्या माणसाला गाण्याइतकेच तिचे लेबल प्रिय असते. गायकाचे नाव ठळक, गीतकार-संगीतकाराचे त्याखाली आणि कुठेतरी बारीक अक्षरांत निर्मात्याचे. हा निर्माता म्हणजे पैसे घालणारा शेठ नव्हे. अमेरिकेतल्या सोल संगीतात गाणे निवडणे, वादक ठरवणे, गायकाकडून हवे तसे गाऊन घेणे, ही सारी त्याची कामे. आपल्याकडचा संगीत दिग्दर्शक आणि अरेंजर यांच्या मधला माणूस म्हणा ना!

इंग्लंडच्या उत्तर भागात १९७०च्या दशकात तरुण मंडळी रात्र रात्र नाचत, तीही अमेरिकेत न चाललेल्या सोल तबकड्यांवर. १९७३ साली सुरू झालेला ‘विगन कॅसिनो’ हा त्यांचा मोठा अड्डा. तबकडी जितकी दुर्मिळ, तितका ती वाजवणाऱ्या डीजेचा भाव वधारणार. म्हणून हे डीजे लेबलावर कागद चिकटवीत आणि गायकाचे भलतेच नाव सांगत. आपल्याकडे खास चीजा राखून ठेवणारे उस्ताद होतेच की.

‘डू आय लव्ह यू’ हे गाणे असेच ‘एडी फॉस्टर’च्या नावावर गाजले. त्याच्या चोरट्या प्रती निघाल्या, त्यांच्यावरही तेच नाव. आवाज मात्र होता फ्रँक विल्सनचा. हा मोटाऊन कंपनीच्या लॉस एंजेलिस शाखेतला माणूस. १९६५ मध्ये त्याने हे गाणे गायले, प्रचारासाठी थोड्या प्रती छापल्या गेल्या आणि नंतर जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्या. गायक व्हायचे की निर्माता, असा प्रश्न समोर आला तेव्हा विल्सनने निर्मात्याची खुर्ची पसंत केली.

पण तिथेही नाव झाकलेलेच! ‘सुप्रीम्स’चे १९६८चे ‘लव्ह चाइल्ड’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या निर्मात्यांत विल्सन होता. श्रेय मात्र ‘द क्लॅन’ या चमूच्या नावावर. १९७०च्या ‘स्टोन्ड लव्ह’वर विल्सनच्या जोडीला ‘येनिक सामोथ’ असे विचित्र नाव आहे. रोमन अक्षरे उलटी वाचा, की डेट्रॉइटचा तरुण केनी थॉमस सापडतो. आणि या कंपनीच्या डेट्रॉइटमधील वादकांची, ‘फंक ब्रदर्स’ची नावे तर १९७१च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत मोटाऊनच्या वेष्टनावर आलीच नव्हती.

मग शोधणारे काय करतात? खाचा संपल्यावर लेबलापर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर कोरलेला क्रमांक तबकडी तिरकी धरून वाचतात. स्वामित्वहक्काच्या नोंदी आणि वादकांच्या युनियनचे करारपत्र धुंडाळतात. काम कंटाळवाणे खरे, पण चुकीच्या नावाने गाणे वाजले की मानधनही वाट चुकते, आणि चोरट्या प्रतीतून तर खऱ्या माणसाला दमडीही मिळत नाही.

शेवटी १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये हे गाणे रीतसर प्रसिद्ध झाले, फ्रँक विल्सनच्या नावाने. तोवर विल्सन संगीताचा धंदा सोडून धर्मकार्याकडे वळला होता. २००९ मध्ये त्या मूळ १९६५च्या तबकडीची एक प्रत २५,७४२ पौंडांना विकली गेली. जुन्या वस्तूच्या विक्रीत गायकाचा वाटा नसतो, तेव्हा ती रक्कम गेली विकणाऱ्याच्या खिशात. विल्सन २०१२ साली वारला, वयाच्या ७१व्या वर्षी.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)